हात वळेल तिकडे टोक वळावं : एका नीडल होल्डरच्या डिझाइनची हकिकत

जानेवारी २०२५मध्ये आमच्या नीडल होल्डरचं डिझाइन फ्रीझ झालं, म्हणजे आता त्यात बदल करायचा नाही असं ठरलं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या आत टाके घालायला वापरायचा, टोकाशी वाकणारा, मोटर-बिटर काही नसलेला, निव्वळ हाताने चालणारा नीडल होल्डर. डिझाइन फ्रीझ झालं म्हणजे विक्री सुरू झाली असं नाही. उत्पादनाचं लायसन्स, ऑडिट सगळं अजून पुढेच आहे. पण जून २०२२पासून इथवर यायला काय काय लागलं ते लिहून ठेवते. आम्ही सुरुवात केली तेव्हा शोधनिबंध ढिगाने मिळाले; अर्ज कुठे करायचा, तार कुठली घ्यायची, डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द लिहिलेला नव्हता. आम्ही म्हणजे मी आणि माझा कॉलेजातला मित्र, दोघंही मेकॅनिकलवाले. तिसरे एक सर्जन, त्यांना इथे नुसतं 'सर' म्हणते.

थोडी पार्श्वभूमी. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढायची पहिली शस्त्रक्रिया डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईत केली. तेव्हापासून बहुतेक ऑपरेशन थिएटरांत (ओटींत) हातातलं हत्यार फारसं बदललेलं नाही : साधारण ३३ सेंटीमीटर लांब सरळ नळी, एका टोकाला जबडा, दुसऱ्या टोकाला मूठ. पोटावरच्या पोर्टमधून, म्हणजे छोट्या छेदात बसवलेल्या नळीतून, ते चार तऱ्हांनी हलतं : वर-खाली, डावी-उजवीकडे, आत-बाहेर आणि स्वतःभोवती. मनगट नाही. दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोटला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, तेव्हा त्याचं मोठं आकर्षण टोकाला असलेलं हे मनगटच होतं. आता गुरुग्राममध्ये बनलेला एसएसआय मंत्रा रोबोटही आहे. पण रोबोटचा हिशोब कोटींत, आणि लॅपरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया, तर तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममध्येही रोज होते. हाताने चालणारी मनगटवाली हत्यारंही जगात नवी नाहीत. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधनातून आलेलं फ्लेक्सडेक्स आहे, कोरियाचं आर्टिसेन्शियल आहे. आम्हाला करायचं होतं ते इतकंच की आपल्याकडच्या रेसिडेंटच्या, म्हणजे शिकत असलेल्या डॉक्टरच्या, हातात बसेल, धुता येईल, पुन्हा वापरता येईल आणि शिकवावं लागणार नाही असं एक हत्यार.

जून-जुलै २०२२ आम्ही ओटीत उभं राहण्यात घालवले. त्यासाठी वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे पत्र, रुग्णांची माहिती बाहेर न नेण्याची हमी आणि हेपटायटिस-बीच्या लशीचा दाखला एवढं लागलं. परवानगीला दोनेक आठवडे गेले. जो कोणी या वाटेने जाईल त्याला एक सांगते : ओटीत स्क्रीनकडे बघत बसू नका. सगळे तिकडेच बघतात. तुम्ही सर्जनची कोपरं बघा. टाका सोयीच्या कोनात असला की कोपरं अंगाजवळ असतात. ओटीपोटात खोल, आडव्या कडेला टाका घालायचा झाला की उजवं कोपर खांद्यापर्यंत वर जातं, मान तिरकी होते आणि असिस्टंट कॅमेरा धरून अवघडतो. मी सरांना विचारलं, "कुठे अडतं?" ते म्हणाले, "कुठेच नाही गं." ते खोटं बोलत नव्हते. वीस वर्षं तेच करणाऱ्याला अडचण जाणवेनाशी होते. खरी माहिती दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटकडून मिळते, तीही चहाला सर नसताना.

दिवाळीपर्यंत पहिलं मॉडेल झालं, मूळ मापाच्या तिप्पट, थ्रीडी प्रिंटवर, मासेमारीची नायलॉन दोरी वापरून. तत्त्व बाइकच्या ब्रेक केबलचंच : इकडे ओढलं की तिकडे हलतं. टोकाशी मणक्यांसारख्या कड्या, कडेने चार तारा, मुठीतही तशाच कड्या पण मोठ्या व्यासाच्या. मूठ वाकवली की एका बाजूची तार सैल पडते, समोरची ताणली जाते आणि टोक वाकतं. तिप्पट मापात करायचा फायदा असा की काय कुठे घासतंय ते डोळ्यांना दिसतं, आणि खर्च दोन-तीन हजारांत भागतो. वाकवणं हे या सगळ्यातलं सोपं काम. ते आठवड्याभरात जमलं.

मग आला तो प्रश्न, ज्यावर पुढचे कित्येक महिने गेले : मूठ वर नेली तर टोक कुठे जायला हवं?

माझ्या मित्राचं म्हणणं होतं की उलटं. पोर्टमुळे सगळंच उलटं होतं, हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं, सर्जनला याची सवय असते, तर वाकणंही उलटंच ठेवावं म्हणजे सगळं एकसारखं. ऐकायला पटतं. तारा नळीत सरळ नेल्या तर मूठ जिकडे रोखलेली असते तिकडेच टोक रोखलं जातं. अर्धा पीळ देऊन नेल्या तर उलटं. तेच सुटे भाग वापरून आम्ही दोन्ही जोडले. एका बंद डब्यात कॅमेरा लावला, आत वेगवेगळ्या कोनांत स्ट्रॉचे तुकडे चिकटवले आणि लॅबमध्ये येईल त्याला, कुठलं मॉडेल आहे ते न सांगता, जबडा स्ट्रॉच्या तोंडात घालायला लावला. सरळ तारांच्या मॉडेलवर कुणी काही विचारलंच नाही. पीळवाल्यावर प्रत्येक जण आधी चुकीच्या बाजूला जायचा, थबकायचा, मग परत यायचा. ही थबक दर वेळी येत राहिली, दहाव्या स्ट्रॉलाही.

कारण कागदावर मांडल्यावर कळलं. पोर्ट जागा उलटवतो, दिशा उलटवत नाही. नळी तिरकी केली तर बाहेरचं टोक डावीकडे आणि आतलं उजवीकडे जातं हे खरं, पण नळी एकच असल्यामुळे दोन्ही टोकं रोखलेली असतात एकाच दिशेला. मनगटाचं काम दिशेचं. म्हणून हात रोखला तिकडे टोक रोखलं जाणं हेच डोक्याला स्वाभाविक वाटतं, नळी कितीही उलटी फिरो. मित्राने वाद सोडला नाही, पण पीळ सोडला.

दुसरी बाब सांध्याच्या जागेची. मुठीचा सांधा मनगटाच्या पुढे असेल तर तो वाकवायला आख्खा हात सरकवावा लागतो, आणि हात सरकला की नळी हलते, म्हणजे दिशा बदलायला जावं तर टोक जागाच सोडतं. फ्लेक्सडेक्समध्ये यावर छान तोड आहे : हत्यार हाताला बांधतात आणि यंत्रणा अशी रचली आहे की फिरण्याचा केंद्रबिंदू थेट माणसाच्या मनगटात येतो. आम्हाला हाताला बांधायचं नव्हतं, कारण आपल्याकडे टाका झाला की हत्यार लगेच बदललं जातं. म्हणून सांधा मागे आणून मुठीच्या पोकळीत बसवला, बोटं त्याच्याभोवती येतील असा. केंद्र मनगटात येत नाही, पण जवळ येतं, आणि टोकाचं भरकटणं पुष्कळ कमी होतं.

मग गुणोत्तर. मनगट अंगठ्याच्या बाजूला जेमतेम २० अंश वाकतं, आणि टोक तर ६० अंश वाकायला हवं. म्हणजे एकास तीन. मुठीच्या कड्यांची त्रिज्या टोकाच्या तिप्पट केली की झालं. पण हाताचा थरथराटही मग तिपटीने टोकाला पोचतो, आणि स्क्रीनवर तो आणखी मोठा दिसतो. दीड, दोन, अडीच, तीन अशा मुठी छापून पाहिल्या. दोनच्या आसपास येऊन थांबलो; उरलेला कोन सर्जन नळी थोडी तिरकी करून भरून काढतात, तेही नकळत.

२०२३च्या सुरुवातीला खऱ्या मापात उतरलो : ८ मिलिमीटरची नळी, १० मिलिमीटरच्या पोर्टमधून जाणारी. कड्या १७-४ पीएच या कडक, गंजरोधक स्टीलच्या, वायरकटने, म्हणजे विजेच्या ठिणग्या टाकणाऱ्या बारीक तारेने कापलेल्या. भोसरीतले वायरकटवाले काका रोज डाय-मोल्डचं काम करतात, आमचं ड्रॉइंग बघून म्हणाले, "ताई, हे काय, घड्याळाचं आहे का?" इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. वायरकटला तार ओवायला आधी स्टार्ट होल लागतं, आणि इतक्या बारीक भोकांचे पैसे कापण्याच्या पैशांपेक्षा जास्त होतात. शक्य तिथे भोक कडेला उघडं ठेवलं, खाचेसारखं, तर खर्च निम्म्यावर येतो. पहिला संच उष्णतासंस्कारासकट वीस हजारांच्या पुढे गेला. सांधा ओढणारी तार ७ बाय १९ विणीची, म्हणजे १९ बारीक तारांचे सात पेड वळलेली, घ्या. वाकायला लवचीक असते, पण ताणली जाते. बसवण्याआधी ती रात्रभर वजन टांगून ताणून ठेवायची, म्हणजे नंतर सैल पडत नाही. टंगस्टनची तार याहून चांगली, पण आयात, कुरिअर आणि ड्यूटी धरून आमच्या आवाक्याबाहेर गेली.

घर्षण हा वेगळाच जाच. तार वळणावरून गेली की ताण घटतो, आणि तो वळणाच्या एकूण कोनावर अवलंबून असतो. घर्षणगुणांक ०.१५ धरा आणि एकूण वळण ९० अंश : ओढलेल्या जोरातला एक पंचमांश वाटेतच संपतो. सुई घट्ट धरायची तर हा एक पंचमांश फार महागात पडतो. त्यात जबडा मिटवणारी तार जर अगदी मधोमध नसेल तर टोक वाकवताच तिची लांबी बदलते आणि जबडा आपोआप ढिला पडतो. आमच्या बाकावर सुई टणकन ट्रेमध्ये पडली तेव्हा सरांनी नुसतं बोट दाखवलं. पोटात पडलेली सुई शोधायला कधी कधी एक्स-रे मशीन ओटीत आणावं लागतं. जबड्याच्या तारेसाठी मग कड्यांच्या बरोब्बर मध्यातून वेगळी पातळ नळी नेली.

मार्चमध्ये प्रोव्हिजनल पेटंट, म्हणजे पेटंटचा प्राथमिक अर्ज, टाकलं, मुंबई कार्यालयात, ऑनलाइन. व्यक्ती किंवा स्टार्टअपसाठी शासकीय फी १,६००. एजंटची फी त्याच्या कितीतरी पट. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. कॉन्फरन्समध्ये किंवा मोठ्या गटापुढे दाखवण्याच्या आधी हे उरकून घ्या. तारांवर चालणाऱ्या सांध्यांवर जुनी पेटंटं चिकार आहेत, ती वाचायला लागतातच. पण त्यातली अनेक मुदत संपलेली असल्यामुळे वाचन वाया जात नाही.

आता कागदपत्रं. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७, लागू १ जानेवारी २०१८पासून. चाचणीसाठी, मूल्यमापनासाठी किंवा प्रात्यक्षिकासाठी थोड्या संख्येने डिव्हाइस बनवायचं तरी टेस्ट लायसन्स लागतं : अर्ज एमडी-१२, मिळतं ते एमडी-१३. डिव्हाइस कुठल्याही वर्गाचं असो, हा अर्ज केंद्राकडे जातो. जोखमीनुसार डिव्हाइसचे ए (सर्वांत कमी) ते डी (सर्वांत जास्त) असे वर्ग असतात; उत्पादनाचं लायसन्स मात्र ए आणि बी वर्गाला राज्याचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) देतं आणि सी, डीला केंद्र. टेस्ट लायसन्सची फी प्रत्येक डिव्हाइसला ५०० रुपये. लोक फीला घाबरतात, घाबरावं ते वर्णनाला. काय बनवणार, किती नग, कुठे तपासणार, कोण तपासणार, हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. आमच्याकडे एक शंका विचारणारं पत्र आलं : नगांची संख्या कशावरून ठरवली? चाचण्यांचा तक्ता जोडून प्रत्येक चाचणीला किती नग खर्ची पडणार ते लिहिलं, आणि काही आठवड्यांत लायसन्स आलं. तेव्हा सीडीएससीओचं (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचं) डिव्हाइसेससाठीचं वेगळं पोर्टल होतं; पुढे अर्ज केंद्राच्या नॅशनल सिंगल विंडो पोर्टलकडे वळले, तेव्हा लॉगिन करायच्या आधी चालू पत्ता कुठला ते पाहून घ्या.

यानंतर एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणारी नीतिसमिती. "रुग्णाला हात लावत नाही, डब्यावर टाके घालणार आहोत, तरी कमिटी?" असं आम्हालाही वाटलं. पण भाग घेणारे रेसिडेंट ही माणसंच आहेत, आणि त्यांचे वरिष्ठ आमच्याबरोबर काम करतात. 'नाही' म्हणायची मोकळीक त्यांना हवी. कमिटी महिन्यातून एकदा बसते, आमचा विषय एका बैठकीतून पुढच्या बैठकीवर गेला. संमतिपत्र मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही द्या, आणि 'सहभाग नाकारल्यास मूल्यांकनावर परिणाम होणार नाही' हे वाक्य आधीच घाला. तेच मागतात.

२०२३च्या हिवाळ्यात चाचण्या सुरू झाल्या. आधी खुंट्या इकडून तिकडे हलवणं, मग हातमोज्याच्या रबरावर टाका, मग कातडीसकट कोंबडीची तंगडी, शेवटी बोकडाचं आतडं. मटणवाल्या भाऊंना दर शनिवारी आतडं मागायला लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठलं हॉटेल काढलंय?" जिवंत प्राण्यांवर काही करायचं असेल तर सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या समितीकडे) नोंदणी असलेली संस्था आणि तिथल्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते, आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

या चाचण्यांनी आमचं डिझाइन सगळ्यात जास्त बदललं. टोक वाकवून झाल्यावर सुई ऊतीतून पलीकडे काढायची तर जबड्याला वाकलेल्या अवस्थेतच स्वतःच्या अक्षाभोवती फिरावं लागतं. आख्खी नळी फिरवून चालत नाही, कारण मग वाकलेलं टोक गोल घेरा घेत शेजारच्या अवयवावर आपटतं. सर म्हणाले, "अगं, वाकतंय ते दिसतंय मला. वाकल्यावर फिरतंय का ते सांग." वाकणं हे सगळ्या माहितीपत्रकांवरच्या चित्रात दिसतं; हे फिरणं चित्रात दिसत नाही, आणि टाका तर त्याच्यावरच पडतो. मुठीच्या पुढे एक चाक दिलं, तर्जनीने फिरवायचं, आणि त्याचं फिरणं जबड्याच्या मधल्या नळीतून वाकणातून पलीकडे नेलं. ती नळी पिळाला घट्ट पण वाकायला मऊ हवी. लेझरने खाचा पाडलेली नळी शेवटी चालली. ही एक गोष्ट जमवायला २०२४चा उन्हाळा गेला.

दुसरा बदल मुठीच्या मापाचा. साडेसात नंबरचा हातमोजा घालणाऱ्या सरांना मूठ उत्तम बसायची. सहा नंबर घालणाऱ्या रेसिडेंट मुलींना तर्जनी चाकापर्यंत न्यायला पकड सोडावी लागायची, आणि त्या बिचाऱ्या तक्रार न करता दोन्ही हातांनी काम चालवायच्या. बाजारातल्या सरळ हत्यारांबाबतही हेच चालतं म्हणाल्या. आता लहान आणि मोठी अशा दोन मुठी आहेत, नळी एकच.

पावसाळ्यात अशा दोन गोष्टी निघाल्या, ज्या आमच्या गणितात कुठेच नव्हत्या. पोट फुगवायला १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, आणि आमची नळी पोकळ. तारांच्या बाजूने वायू मागे मुठीत येणार हे उघड होतं. तारांसाठी भोकं असलेली सिलिकॉनची चकती बसवली, पाण्यात बुडवून हवा सोडली, बुडबुडे थांबेपर्यंत भोकांची मापं बदलली. दुसरी गोष्ट ओटीच्या सिस्टरांनी काढली. त्यांनी हत्यार हातात घेतलं, टोक वाकवलं, कड्यांमधल्या फटीत नखाने टोकरलं आणि विचारलं, "मॅडम, इथलं रक्त कोण काढणार?" त्यावर काही बोलण्यात अर्थ नव्हता, त्यांचं बरोबर होतं. मागे पाणी मारायला एक तोंड दिलं, मूठ सुटी होईल अशी केली, एन्झाइममध्ये भिजवणं आणि अल्ट्रासॉनिक हा क्रम त्यांच्याकडूनच लिहून घेतला. १३४ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये छापील रेझिनची मूठ तग धरत नाही. पीक (PEEK) या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची मूठ टिकते, पण साहित्यच महाग.

आयएसओ १४९७१ या जोखीम-व्यवस्थापनाच्या मानकाप्रमाणे जोखमींचा तक्ता भरताना एका ओळीवर आम्ही दिवसेंदिवस घालवले : टोक वाकलेलं असताना तार तुटली तर? हत्यार पोर्टमधून बाहेर यायलाच हवं. म्हणून सांध्यात कुठेही दातेरी कुलूप ठेवलं नाही. वाकलेला कोन धरून ठेवायचं काम मुठीतला घर्षणाचा खटका करतो. तार तुटली की टोक लुळं पडतं आणि बाहेर ओढताना पोर्टच त्याला सरळ करतो. मुद्दाम तारा कापून हे पुन्हा पुन्हा तपासलं.

खर्चाचं विचाराल तर आमच्या पगाराशिवाय साडेआठ लाखांच्या आसपास गेले, त्यात निम्म्याच्या जवळपास वायरकट, लेझर आणि तारा. बिराक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' नावाचं अनुदान ५० लाखांपर्यंत आणि १८ महिन्यांसाठी असतं. अर्ज करणाऱ्यांनी पैशांच्या तक्त्याआधी चाचण्यांचा तक्ता करावा, कारण टेस्ट लायसन्स, एथिक्स कमिटी आणि अनुदान या तिन्हीकडे तोच तक्ता थोड्याफार फरकाने लागतो.

सध्या आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता-मानकाच्या ऑडिटसाठी कोटेशनं मागवली आहेत आणि वर्गाचा निर्णय चालू आहे. पुन्हा वापरायचं शस्त्रक्रियेचं हत्यार आणि एकदाच वापरून टाकायचं हत्यार यांना नियम वेगळे आहेत. सरांनी मात्र फ्रीझच्या दुसऱ्याच दिवशी विचारलं, "५ मिलिमीटरमध्ये कधी?" त्याचं गणित मांडायला घेतलंय. आत्ता टोकाशी तारा मध्यापासून अडीच मिलिमीटरवर आहेत, तिथे त्या दीडच्या आत येतात. म्हणजे टोकाच्या तेवढ्याच जोरासाठी तारेवर जवळपास दुप्पट ताण, आणि तार मात्र आत्तापेक्षा बारीक.